निगमसभा : व्यापारी संघाचे सभागृह की सार्वजनिक नोंदीचे स्थान? – एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
प्राचीन महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात श्रेणी, म्हणजेच व्यापारी व कारागीर यांचे संघ, हा महत्त्वाचा विषय मानला जातो. श्रेणींची संख्या, त्यांचे व्यवसाय व दानधर्म यांवर विपुल लेखन झालेले आहे. मात्र त्यांचे व्यवहार कोठे व कोणासमोर होत, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने अल्प आहे. युरोपात हा प्रश्न वास्तूच सोडविते. लंडनच्या गिल्डहॉलचे बांधकाम १४११ मध्ये सुरू झाले व ती वास्तू आजही उभी आहे. आपल्याकडे अशा सभागृहाची भिंत नव्हे, तर केवळ उल्लेख उरला आहे. त्या उल्लेखाचे वाचन कसे झाले व कसे व्हावयास हवे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाशिकचा पुरावा :
नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्र. १० च्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ मधील दानलेख आहे. त्यानुसार भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनिवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे ठेवण्यात आली. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ व १००० वर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजदर ठरला. मूळ रक्कम परत करावयाची नव्हती. व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा होता. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले व प्रथेनुसार फलकावर नोंदले गेले, असेही लेख सांगतो.

प्रचलित विवेचनाची मर्यादा :
रमेशचंद्र मजुमदार यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉर्पोरेट लाइफ इन एन्शंट इंडिया’ या ग्रंथात असे लेख प्राचीन भारतीयांच्या संघटित जीवनाचा पुरावा म्हणून मांडले. पारतंत्र्याच्या काळात या मांडणीचे मोल मोठे होते. परंतु तिच्या प्रभावामुळे श्रेणी म्हणजे ‘प्राचीन बँक’ हे समीकरण पाठ्यपुस्तकांत रूढ झाले व निगमसभा हा शब्द दुय्यम ठरला. वास्तविक या लेखाचे संपादन करणारे एमिल सेनार यांनी निगमसभेचा अर्थ नगराचे सभागृह असा घेतला होता. ‘फलकवार’ म्हणजे दफ्तरखाना की नोंदीचा फलक, याविषयीही मतभेद आहेत.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. निगमसभा विणकरांच्या संघाचीच होती असे मानल्यास ठेव घेणारा व तिची साक्ष ठेवणारा एकच ठरतो. ती नगराची होती असे मानल्यास संघाच्या व्यवहारावर संघाबाहेरील समाजाची नजर होती, असा निष्कर्ष निघतो. लेखाची रचना दुसऱ्या अर्थास अधिक अनुकूल आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण ठेवींचा उल्लेख करताना विणकरांच्या संघांचा निर्देश आहे, तर जाहीर वाचन व नोंद यांचा उल्लेख ठेवी व अन्य दान सांगून झाल्यावर ‘हे सर्व’ असा एकत्रित येतो. मात्र याच लेखात दात्याचे नाव व नाते आहे. रक्कम सांभाळणाऱ्या एकाही विणकराचे नाव नाही. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची व पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. तेथेही श्रेणीचे नाव आहे, व्यक्ती नाही. म्हणून श्रेणीव्यवस्थेस सरसकट लोकशाही म्हणणे पुराव्यापुढे जाणारे आहे.

बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ :
दोन सहस्रकांपूर्वीच्या या प्रश्नाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय, अशी शंका येऊ शकते. खामगाव ही एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ होती. जलंब–खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला. वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याखालील बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व होते. व्यवहार नियमित झाला, पण माल पिकविणारा नियमन करणाऱ्यांत नव्हता.

कृषी बाजारांत पूर्वी रूढ असलेली ‘हत्ता’ पद्धत येथे लक्षात घ्यावी. अडते व खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहूनही भाव जाणत नसे. निगमसभेत व्यवहार मोठ्याने ऐकविला जाई. हत्त्यात तो झाकला जाई. उघड लिलाव, भावफलक आणि १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार कायद्याने बाजार समितीत शेतकऱ्यांना दिलेले प्रतिनिधित्व यांकडे या पार्श्वभूमीवर पाहिल्यास, ऐकविणे व नोंदविणे ही दोन तत्त्वे किती मूलभूत आहेत हे ध्यानी येते.

समारोप :
सारांश, निगमसभेचा इतिहास हा वास्तूचा नव्हे, तर साक्षीचा इतिहास आहे. तिचा फलक लाकडाचा असल्यास तो नष्ट झाला. खडकावरील प्रत तेवढी राहिली, तीही दात्याने कोरविली म्हणून. आपल्या जिल्ह्यातील अडत दुकानांच्या रोजमेळ व खतावण्या, बाजार समित्यांची जुनी इतिवृत्ते ही आजची फलके होत. ती खडकावर कोरलेली नाहीत. वाळवी, ओल व रद्दीवाला यांच्या स्वाधीन आहेत. श्रेणींवरील टिपणे वर्गात उतरवून देण्याबरोबरच पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून प्रकल्पकार्यात या कागदपत्रांची सूची करून घेतली, तर खामगाव, मलकापूर, चिखली येथील बाजारांचा इतिहास दात्यांच्या कोनशिलांपलीकडे जाईल. विणकरांची नावे आपणांस आता मिळणार नाहीत. कापूस विकणाऱ्यांची नावे मात्र अद्याप मिळू शकतात.