दाद देणारा निवेदक

निवेदकाने गाण्याआधी चार शब्द बोलावेत आणि रेकॉर्ड सुरू झाली की गप्प बसावं, असा रेडिओचा शिरस्ता. १९५१ साली क्लीव्हलंडच्या डब्ल्यूजेडब्ल्यू केंद्रावरून रात्री उशिरा बोलू लागलेल्या अ‍ॅलन फ्रीडने तो साफ धुडकावला. गाणं वाजत असतानाही त्याचा माइक चालूच. हाताखाली जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी. तिच्यावर तो ठेका धरायचा, मध्येच ओरडायचा, ‘मूनडॉग’ या टोपणनावाला जागून कुत्र्यासारखं विव्हळायचाही. आवाज घोगरा, खरखरीत. रेडिओला साजेसा मुळीच नाही. पण मैफलीत पुढे बसलेला जाणकार समेवर मान हलवून दाद देतो, तशी ही दाद होती, आणि ती थेट प्रक्षेपणात होती. सॅक्सोफोन चढत जातो तसा हाही चढतो. ऐकणाऱ्याला एकटं बसून ऐकणं अशक्य करतो. शाळेत असताना हा ट्रॉम्बोन वाजवायचा, हे त्या ठेक्यावरून ओळखू येतं.

त्याची निवड मात्र या आरडाओरड्याहून मोलाची. कृष्णवर्णीय गायकांची गाणी गोऱ्या गायकांकडून गुळगुळीत करून घ्यायची आणि तीच वाजवायची, असा तो काळ. फ्रीड मूळ रेकॉर्डच वाजवायचा. रेकॉर्डच्या दुकानाचा मालक लिओ मिंट्झ याने त्याला या संगीताकडे वळवलं, तेव्हा शोधाचं श्रेय फ्रीडला एकट्याला देऊ नये. २१ मार्च १९५२ च्या त्याच्या जलशाला सभागृहाच्या क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट गर्दी लोटली आणि पोलिसांना तो सुरुवातीलाच बंद करावा लागला.

१९५४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. मूनडॉग नावाच्याच एका रस्त्यावरच्या वादकाने खटला जिंकल्यावर टोपणनाव सोडावं लागलं. कार्यक्रम ‘रॉक अँड रोल’च्या नावाने चालू राहिला. १९५७ मध्ये त्याच्या टीव्ही कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा कृष्णवर्णीय मुलगा एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. अमेरिकेच्या दक्षिणेकडची केंद्रं बिथरली, कार्यक्रम बंद पडला.

त्याला भाबडा हुतात्मा करण्याचं कारण नाही. चक बेरीच्या ‘मेबलीन’ या गाण्यावर सहगीतकार म्हणून त्याचं नाव लागलं होतं, आणि ते त्याने कमावलेलं नव्हतं. रेकॉर्ड वाजवण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९५९ मध्ये त्याची नोकरी गेली. १९६२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, दंड ३०० डॉलर. १९६५ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पैशाच्या व्यवहारात तो कच्चा होता. कानाने मात्र तो त्या काळच्या बहुतेक निवेदकांपेक्षा प्रामाणिक होता.