वर्ण्यच जेव्हां वर्णनकार होतो
(डॉ. गोविंद गारे यांच्या लेखनाविषयीं)

जुन्नरचें नांव काढिलें म्हणजे सुशिक्षित वाचकाच्या मनांत शिवनेरी उभा राहतो. वाचन थोडें अधिक असेल तर नाणेघाटांतील सातवाहनांचे लेख आणि डोंगरांत कोरलेलीं लेणीं आठवतात. घाटानें व्यापारी आले, लेण्यांत भिक्षू राहिले, गडावर छत्रपति जन्मले, हें सर्व आपणांस पाठ असतें. परंतु ज्यांचीं भातखाचरें याच डोंगरांच्या कुशींत आहेत, जे पावसाळ्यापूर्वीं राब भाजतात व रानांतला हिरडा गोळा करून बाजारांत आणतात, ते महादेव कोळी लोक कोण, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. त्या लोकांपैकींच एकानें तो विचारला व त्याचें उत्तरहि लिहिलें. ते म्हणजे जुन्नर तालुक्यांतील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे (१९३९–२००६). त्यांच्या लेखनाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. परीक्षण मात्र थोडें झालें, असें आम्हांस वाटतें.

त्यांच्यापूर्वीं या जमातीविषयीं कोणीं लिहिलें, तें आधीं पाहिलें पाहिजे. पहिलें विस्तृत वर्णन कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याचें, १८३७ च्या सुमाराचें. रामजी भांगरे यांच्या बंडाचा बीमोड करण्याकरितां हाच अधिकारी या डोंगरांत हिंडला होता. तेव्हां त्याच्या माहितींत पाठलाग करणाऱ्याची नजर असावी, यांत नवल नाहीं. पुढें १९५७ सालीं डॉ. गो. स. घुर्ये यांनीं याच जमातीवर इंग्रजींत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ती दृष्टि समाजशास्त्रज्ञाची होती. एक शिपाई, दुसरा पंडित. पण दोघेहि पायथ्यापासून डोंगर चढून वर गेले होते. गारे डोंगर उतरून खालीं आले. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ या त्यांच्या ग्रंथाचें महत्त्व प्रथम या दिशेच्या फरकांत आहे. ज्याचें वर्णन व्हावयाचें, त्यानेंच लेखणी हातीं घेतली.

अशा वेळीं सर्बियाच्या वूक कराजिचची (१७८७–१८६४) आठवण होते. तोहि एका डोंगराळ खेड्यांत जन्मला. त्यानें आपल्या लोकांचीं गाणीं ऐकून टिपून घेतलीं, १८१४ सालीं व्हिएन्ना येथें छापण्यास आरंभ केला, १८१८ सालीं कोश सिद्ध केला, आणि खेड्यांतील बोलीलाच ग्रंथभाषेचा मान मिळवून दिला. ग्रिम व ग्योथे यांच्यासारख्यांनीं त्या गाण्यांचें कौतुक केलें. ही तुलना गारे यांना मोठें ठरविण्याकरितां किंवा लहान ठरविण्याकरितां नव्हे. तिच्यामुळें एक भेद मात्र स्पष्ट होतो. कराजिचनें लोकांना बोलूं दिलें. गारे लोकांविषयीं बोलतात. त्यांची भाषा शुद्ध, संयमी, अहवालास शोभेल अशी आहे. तींत अभ्यासक सर्वत्र दिसतो. निमगिरीचा मुलगा फार थोडा दिसतो. ज्या घरांत आपण वाढलों, त्या घराचें वर्णन परक्या घराप्रमाणें करणें ही शास्त्राची शिस्त असेल. पण वाचकाच्या हातून त्यामुळें कांहीं तरी निसटतें, हें नाकारतां येत नाहीं.

मग त्यांनीं असें कां लिहिलें? आमच्या मतें याचें कारण त्यांच्या वाचकांत शोधलें पाहिजे. १९६२ सालीं पुणें येथें स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचें संचालकपद त्यांनीं भूषविलें. तेथें त्यांच्या शब्दांवर सरकारी कचेऱ्यांतील निर्णय अवलंबून असत. कचेरीला आठवणी नको असतात, पुरावा हवा असतो. ज्या समाजाचें म्हणणें आजवर दुसऱ्यांनींच मांडलें, त्याच्या पहिल्या अभ्यासकानें आवेशापेक्षां पुराव्याची भाषा निवडली, तर तिला भिडस्तपणा म्हणतां येणार नाहीं. आम्ही तिला त्याग म्हणूं.

परंतु या त्यागाचा एक परिणाम असा आहे, कीं त्याचा विचार कोणाहि ग्रंथकर्त्यानें लिहितांना केला नसेल. १९७६ च्या कायद्यानें अनुसूचित जमातींवरील प्रदेशाचें बंधन बहुतांशीं उठलें, आणि नामसाम्यामुळें महादेव कोळी असल्याचे दावे वाढले. अशाच एका दाव्याचा निकाल देतांना १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दाखल्यांच्या पडताळणीची पद्धति घालून दिली. कागदपत्रांबरोबर जमातीचे देव, विधि, लग्नाच्या चाली व अंत्यसंस्कार यांचीहि चौकशी तींत आली. म्हणजे जमातीचें वर्णन हें केवळ ज्ञान न राहतां माप झालें. खऱ्या आदिवासींच्या जागा दुसऱ्यांनीं बळकावूं नयेत, हा हेतु रास्तच. पण माप एकदां हातीं आलें म्हणजे तें सर्वांनाच लावलें जातें.

गेल्या वर्षीं आंबेगांवच्या पश्चिम भागांतील एक विद्यार्थी आमच्या ग्रंथालयांत गारे यांचा ग्रंथ मागावयास आला. कशासाठीं, असें विचारतां तो म्हणाला, “सर, चौकशीला आले तर देवांविषयीं, लग्नाविषयीं विचारतील. आजीला सगळें ठाऊक होतें. पण ती गेली. मी लहानपणापासून वसतिगृहांतच वाढलों.” आम्हीं ग्रंथ काढून दिला, आणि दिवसभर एकच विचार मनांत घोळत राहिला. स्वतः गारे यांना तरुणपणीं कोणी याच मापानें मोजलें असतें तर? शाळेसाठीं घर सोडलेला, पदवी घेतलेला, अधिकारी झालेला हा माणूस आपल्याच ग्रंथांतील चित्राशीं कितपत जुळला असता? आप्तभावाची ही कसोटी अंतिम मानूं नये, शिक्षण व स्थलांतर यांमुळें चालीरीती पुसट होतात, असें न्यायालयानेंच २०२३ सालीं सांगितलें, हें बरें झालें.

यावरून ग्रंथ चुकला असें कोणी म्हणूं नये. चूक वाचणाऱ्यांची आहे. वर्णन हें एका काळचें असतें. आपण त्याला सर्व काळांचा नियम समजतों. मात्र जें त्यांनीं वगळलें, तें आतां कोणीं तरी लिहिलें पाहिजे. देवांच्या व विधींच्या याद्या झाल्या. त्या देवांना भिणाऱ्या, विधि विसरणाऱ्या, बाजारांतील हिरड्याच्या भावाची चिंता करणाऱ्या माणसांची गोष्ट व्हावयाची आहे, आणि तीहि त्यांच्याच बोलींत. गारे यांनीं आपल्या लोकांना ग्रंथांत जागा मिळवून दिली, म्हणूनच ही अपेक्षा करतां येते.

त्या विद्यार्थ्यानें ग्रंथ पंधरा दिवसांनीं परत केला. समासांत पेन्सिलीनें दोन ठिकाणीं लिहिलें होतें, “आमच्याकडे असें नाहीं.” ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणें दंड करावयास हवा होता. आम्हीं तो केला नाहीं.