दुबळ्या खारीचा डाव

पोकेमॉन या व्हिडिओ गेममधली पाचिरिसू ही विजेची खार. तिचा मूळ हल्ला-गुण अवघा 45. तरीही 2014 साली वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या पार्क से-जुनने तिला संघात घेऊन विजेतेपद मिळवले. लढत जोडीजोडीची असते, आणि खारीचे काम मारण्याचे नव्हतेच. शत्रूचे वार ती स्वतःवर ओढून घेई. विजेचा वार तर तिला उलट ताकद देई. शेजारच्या ग्याराडोसला मात्र विजेने चौपट इजा होते. म्हणजे खारीचे मोल जोडीदारामुळे वाढले! हे आम्हाला फार आवडले.

खटकते ते वेगळेच. मॅजिकार्प मासा 20व्या पातळीला ग्याराडोस होतो, याला खेळात ‘उत्क्रांती’ म्हणतात. एकाच प्राण्याने जन्मात रूप बदलणे हे सुरवंटाचे फुलपाखरू होण्यासारखे रूपांतरण झाले. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या, समूहात घडते.