दलित स्त्रियांची आत्मकथने आणि आपले घर

दलित आत्मकथनांवर बोलायला उभे राहिलो की आम्हा समीक्षकांचे तीन शब्द ठरलेले असतात : वेदना, नकार, विद्रोह. हे तिन्ही शब्द आम्ही गावाकडे, देवळाकडे, पाणवठ्याकडे तोंड करून उच्चारतो. घराकडे आमची पाठ असते. स्त्रियांची आत्मकथने वाचताना अशी पाठ फिरवता येत नाही, म्हणून आम्ही ती घाईने वाचून संपवतो, असा माझा आरोप आहे. तो आधी माझ्यावरच आहे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 'स्त्री' मासिकात क्रमशः आले आणि १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्यांचे वडील ठेकेदारी करीत. आईला त्यांनी घराबाहेर पडू दिले नाही आणि समाजात त्याचीच प्रतिष्ठा मानली गेली. कोवळ्या वयात लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींचा छळही कांबळे लपवत नाहीत. त्या त्याचे कारणही मांडतात : ज्यांना जगाने गुलाम केले, त्यांनाही कुणावर तरी सत्ता गाजवायची होती, ती त्यांनी घरात आणलेल्या सुनेवर गाजवली. जात घरात कशी शिरते याचे इतके नेमके विश्लेषण आमच्या किती लेखांत आहे? आणि हे लेखन बाईंना नवऱ्यापासून वीस वर्षे दडवून ठेवावे लागले!

उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये घराची दुसरी बाजू दिसते. वडील लवकर गेले. आई आयदाने विणून मुलांना शिकवते. ती आयदाने पोचवायला सवर्णांच्या दारी जावे लागे. तिथे पाणी शिंपडून ती घेतली जात. शाळेत मास्तरांनी शेण काढायला लावले आणि मारले, तेव्हा याच आईने मास्तरांना जाब विचारला. अन्यायाला उलट विचारता येते, हे त्या मुलीला भाषणातून नव्हे, आईच्या आवाजातून कळले.

मुलगी वयात येते तेव्हा ती माणसांशी कसे वागायचे ते घरातच शिकते. आई जाब विचारताना दिसली तर तीही उद्या विचारील. आई गप्प बसताना दिसली तर तीही गप्प बसेल, आणि त्या गप्प बसण्याला आपण 'वळण' म्हणू.

माझी धाकटी बहीण सातवीनंतर घरी बसली. आई मजुरीला जाई, चूल बहिणीकडे आली. मी शिकलो. मोर्चाहून रात्री परतलो की ताट वाढलेले असे. समतेच्या घोषणा देऊन घसा बसलेला मी जेवलेले ताट उचलतही नव्हतो. 'आयदान' वाचून झाल्यावर मी तिला विचारले, "शाळा सुटली तेव्हा तुला काय वाटलं गं?" ती म्हणाली, "आता कशाला विचारतोस दादा?" सासरीही तिने कधी काही मागितले नाही. लोक तिला गुणाची म्हणतात. तो गुण तिला आम्ही लावला.

काही मित्र म्हणतील, घरातले असे चव्हाट्यावर मांडले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. पण बाबासाहेबांनी १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत काय सांगितले? मुलींच्या लग्नाची घाई करू नका. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये. तेव्हा विरोधक थोडे होते काय? घराची समीक्षा ही चळवळीशी बेइमानी नव्हे. ते चळवळीचे राहून गेलेले काम आहे.

म्हणून या पुस्तकांवर चर्चा ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. विद्रोहावर बोलण्याआधी आपल्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी त्या चर्चेला आली आहे, की घरी भाकऱ्या थापते आहे, एवढे बघून यावे.