डोळ्याची किंमत

शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने न्याहाळतो. त्यांमागील किंमत मात्र क्वचितच विचारतो. ब्रिटिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग १९३७ साली वेल्समध्ये रात्रीच्या काळोखात घुबडाच्या घरट्यापाशी गेले. घरट्याच्या रक्षणासाठी घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला.

१९४८ साली त्यांनी टिपलेले गव्हाणी घुबड आम्हांला म्हणूनच अधिक बोलके वाटते. चोचीत भक्ष्य, दोन्ही पंख उंचावलेले. जणू ढालीवरील राजचिन्हच! त्यात ना सूड, ना भय. हा संयमच या चित्राचा प्राण होय. तथापि एवढ्या रेखीवपणात काळोखातील दीर्घ ताटकळणे पार पुसले जाते, हे उणेपणही आम्हांला जाणवते.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. डोळ्याच्या मोबदल्यात डोळा मागणारा जुन्या करारातील नियम येथे उलटला आहे: डोळा गेला, पण मागणे उरले नाही. चूक घुबडाची नव्हतीच. आगंतुक माणूस होता. सुंदर चित्राच्या मोहात पाखरांचा निवारा मोडू नये, एवढे भान कॅमेरा हाती घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी राखावे, असे आम्हांस वाटते.