नरसिंहानंतर परशुराम: तीनशे कोटींचं ओझं

२५ जुलै २०२५ हा मराठी पंचांगाप्रमाणे श्रावणाचा पहिला दिवस. त्या शुक्रवारी ‘महावतार नरसिंह’ लागला तेव्हा त्याच्याकडून कुणी फारशी आशा ठेवली नव्हती. पोस्टरवर नाव घ्यावं असा नट नव्हता आणि आधीच्याच आठवड्यात आलेल्या ‘सैयारा’नं तरुण प्रेक्षक ओढून घेतला होता. पहिल्या दिवसाचा गल्ला दोन कोटींच्या आत राहिला. रविवारपर्यंत तो कितीतरी पट झाला. पुढच्या आठवड्यांत शो वाढत गेले, १४ ऑगस्टला ‘वॉर २’ आणि ‘कुली’ येऊन धडकले तरी नरसिंह पडद्यावर टिकून राहिला आणि जगभरची कमाई तीनशे कोटींच्या पुढे गेली. भारतीय ॲनिमेशनपटानं एवढी मजल पूर्वी कधी मारली नव्हती.

दिग्दर्शक अश्विन कुमार यांचा हा पहिलाच चित्रपट. निर्मिती ‘क्लीम प्रॉडक्शन्स’ची, आणि पाठीशी ‘केजीएफ’, ‘कांतारा’वाले ‘होंबाळे फिल्म्स’. चित्रपट लागण्याआधीच त्यांनी पुढची सगळी रांग जाहीर केली होती: २०२७मध्ये परशुराम, २०२९ला रघुनंदन, २०३१ला द्वारकाधीश, २०३३ला गोकुळानंद आणि शेवटी २०३५ व २०३७मध्ये कल्कीचे दोन भाग. नरसिंह पाहिला तेव्हा पहिलीत असलेलं मूल या रांगेच्या टोकाशी अठरा वर्षांचं झालेलं असेल. एका पिढीचं अख्खं बालपण या योजनेनं गृहीत धरलं आहे. म्हणून तिच्या दुसऱ्या पावलाकडे, म्हणजे ‘महावतार परशुराम’कडे, नीट पाहायला हवं.

आणि ते पालघर जिल्ह्यातून पाहण्याला खास कारण आहे. महाभारताच्या शांतिपर्वातली कथा सांगते की, पृथ्वी दान करून टाकलेल्या परशुरामासाठी समुद्रानं मागे सरून शूर्पारक नावाची भूमी मोकळी करून दिली. ते शूर्पारक म्हणजे सोपारा, आजचा नालासोपारा. तिथे बुरुड राजाचा कोट म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत, ते १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरलं आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. जवळच्या निर्मळच्या तीर्थकथेतही परशुराम येतो. पुढे चिपळूणजवळ त्याचं मंदिर आहे, अख्ख्या कोकणाची जन्मकथाच त्याच्या बाणाशी बांधलेली आहे. देशातल्या सर्वात यशस्वी ॲनिमेशनपटाचा पुढचा नायक असा इथल्या किनाऱ्याचा आहे. याच जिल्ह्यातल्या बोईसरच्या शाळेतल्या मुलाला मात्र तो भेटणार हिंदीतून. नरसिंह प्रदर्शित झाला तो हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यांत नव्हती.

कौटुंबिक चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचा आपल्याकडचा इतिहास फारसा सुखाचा नाही. व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’नं २००५मध्ये ॲनिमेशनलाही तिकीट काढून येणारा प्रेक्षक असतो हे दाखवून दिलं. दोनच वर्षांनी अनुराग कश्यप यांनी ‘रिटर्न ऑफ हनुमान’ केला आणि त्यात देवाला शाळकरी मुलाच्या रूपात पुन्हा जन्माला घातलं. कल्पना धिटाईची होती. पण ज्या आजीआजोबांनी पहिल्या भागाला नातवंडांना नेलं, त्यांची ओळखीची गोष्टच हरवली. त्यात तो लागला २८ डिसेंबर २००७ला, ‘तारे जमीं पर’नंतर बरोबर आठवड्यानं. नाताळच्या सुट्टीत एकच चित्रपट पाहणाऱ्या घरानं कोणता निवडला, हे वेगळं सांगायला नको.

छोटा भीमची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००८पासून पोगोवर रोज दिसणारा हा मुलगा २०१२मध्ये ‘कर्स ऑफ दम्यान’ घेऊन मोठ्या पडद्यावर आला, पुढच्याच वर्षी ‘थ्रोन ऑफ बाली’ आला, मग २०१६ आणि २०१९चे चित्रपट. टीव्हीनं आयती ओळख करून दिली होती, त्यामुळे प्रत्येक भागाला निदान एक ठरलेला प्रेक्षक मिळाला. २०२४मध्ये त्याच दम्यानच्या कथेवर खरी मुलं घेऊन चित्रपट काढला, तेव्हा मात्र भीमच्या ढोलकपूरची जादू ओसरली आणि तो चालला नाही. मुलांचं प्रेम त्या चित्रावर होतं, नुसत्या नावावर नव्हे. मराठीत चिंटूच्या बाबतीत हेच जाणवलं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या रोजच्या चित्रमालिकेतला चिंटू श्रीरंग गोडबोले यांनी मे २०१२मध्ये पडद्यावर आणला आणि एप्रिल २०१३मध्ये ‘चिंटू २: खजिन्याची चित्तरकथा’ही केला. दोन्ही प्रयत्न मनापासूनचे होते. पण कागदावरचा चिंटू वर्षानुवर्षं तेवढाच राहतो आणि पडद्यावरचा मुलगा उन्हाळ्यागणिक उंच होतो. तिसरा भाग आला नाही. ही मालिका ॲनिमेशनमध्ये झाली असती तर कदाचित तिचे पुढचेही भाग आले असते. निलेश मुळे यांचा ‘प्रभो शिवाजी राजा’ २०१८मध्ये मराठीत आला, पण त्यालाही मागून कुणी भावंड आलं नाही.

हे खटकतं, कारण या कलेत मराठी हात पहिल्यापासून आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. प्रभातनं १९३०च्या दशकात ‘जंबूकाका’ काढला. १९७४चा, पिढ्यान्‌पिढ्या दूरदर्शनवर पाहिलेला ‘एक अनेक और एकता’ विजया मुळे यांचा. सुरुवाती झाल्या. सलग दुसरं पाऊल कधी पडलं नाही.

आता परशुरामाच्या गल्ल्याचा हिशोब. मोठ्या माणसांचा चित्रपट दोघांच्या तिकिटांवर चालतो, ॲनिमेशनपटाला अख्खं घर यावं लागतं. बोईसरमध्ये अख्खं घर एका वेळी मोकळं असणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. इथली तारापूर एमआयडीसी तीन पाळ्यांत चालते. बापाची सेकंड शिफ्ट असेल तर संध्याकाळचा शो गेला, नाइट असेल तर सकाळचा. मोठा पडदा आणि थ्रीडी हवं म्हणून विरार-वसई गाठायचं, तर चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटरवर आणि बोईसर एकशेतीनवर. डहाणू लोकल २०१३मध्ये सुरू झाली हे खरं, पण विरारच्या पलीकडे गाड्या विरळ. शो साडेनऊला सुटला आणि गाडी चुकली, तर झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन फलाटावर बसायचं. म्हणून इथला प्रेक्षक पहिल्या दिवशी धावत नाही. आधी कुणीतरी पाहून येतो, चाळीत आणि कंपनीच्या गेटवर सांगतो, मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरं निघतात. नरसिंहाची कमाई उशिरा चढली ती अशाच सांगोवांगीवर. परशुरामाच्या वितरकांनी पहिल्या तीन दिवसांतच सगळे पडदे भरून वसुली करायचं ठरवलं, तर हा उशिरा निघणारा प्रेक्षक त्यांच्या हातून जाईल.

तिकिटाचे दरही महत्त्वाचे. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के झाला, त्याहून महाग तिकिटावर तो अठरा टक्केच राहिला. तालुक्याच्या गावात शंभराच्या आत तिकीट ठेवायला चित्रपटगृहाला हे चांगलं निमित्त आहे. दुसऱ्या बाजूला नरसिंह दोन महिन्यांच्या आतच नेटफ्लिक्सवर आला. घरात बसून मुलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, प्रल्हाद त्यांचा झाला, हा दुसऱ्या भागाला मिळालेला मोठा आधार. पण थोडं थांबलं की घरीच दिसतो, हेही त्याच घराला कळून चुकलं.

तारखेचा प्रश्न वरवर सोपा दिसतो. परशुराम जयंती अक्षय्य तृतीयेला असते, २०२७मध्ये ती मेमध्ये येते, शाळांना सुट्टी असते. देवाच्या दिवशी देवाचा चित्रपट, हा मोह कुणालाही पडेल. पण मेमध्ये बोईसरच्या कामगारवस्त्या रिकाम्या होतात. उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं मुलुखाला जातात, कोकणातली गावी. शिवाय आयपीएल. श्रावणात हीच माणसं परतलेली असतात, घरात व्रतवैकल्यं चालू असतात आणि बाहेर पाऊस असतो. नरसिंहाला जे श्रावणानं दिलं ते मे देईल असं वाटत नाही.

खरी कसोटी कथेची आहे. नरसिंहाची कथा लहान मुलाच्या बाजूनं उभी राहते: बाप छळतो, देव वाचवतो. ॲनिमेशनमध्ये चेहरे जागोजागी ताठर होते, गर्दीतली माणसं एकाच साच्यातली वाटत होती. पण खांब दुभंगतो आणि त्यातून तो उग्र देह बाहेर येतो, तिथून पुढचं युद्ध, त्यामागचं सॅम सी. एस. यांचं संगीत, यांनी सगळी उणीव भरून काढली. लोक चपला काढून बसल्याच्या बातम्या आल्या त्या यामुळेच. परशुरामाच्या कथेत असा वाचवला जाणारा प्रल्हाद नाही. इथे मुलगा बापाच्या आज्ञेवरून आईचा शिरच्छेद करतो, मग वर मागून तिला परत उठवतो. ती आई रेणुका, माहूरची. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे. आठ वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून हा प्रसंग पाहणाऱ्या आईला दिग्दर्शक काय देणार? सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्राचे आता ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे झाले आहेत. सात आणि तेरा यांच्यातलं अंतर म्हणजे प्राथमिक शाळेतला जवळजवळ सगळा प्रेक्षक.

पृथ्वी एकवीस वेळा निःक्षत्रिय करण्याची गोष्टही महाराष्ट्रात एकाच कानानं ऐकली जात नाही. कुणाचा तो कुलपुरुष, तर जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्याच चिरंजीवाला जाहीर पत्र लिहून समोर येण्याचं आव्हान दिलेलं. दीडशे वर्षांचा हा वाद मुलांच्या चित्रपटानं सोडवायचा नाही. पण राजा सहस्रार्जुनाच्या सत्तेचा माज आणि त्यापुढे परशुरामाचे वडील जमदग्नी यांच्या आश्रमावर आलेलं संकट, असं जर कथेचं केंद्र ठेवलं, तर अन्यायाविरुद्धची गोष्ट म्हणून ती सगळ्या घरांत जाईल. जातीच्या अभिमानाची गोष्ट झाली तर तिचा प्रेक्षक निम्मा होईल, आणि तसं झालेलं बरंच.

दोन वर्षांत दुसरा भाग, हा वेग मात्र धास्तावणारा आहे. ‘इनसाइड आउट’चा दुसरा भाग नऊ वर्षांनी आला, ‘झूटोपिया’चाही नऊ वर्षांनी. चीनच्या ‘ने झा’चा पहिला भाग २०१९चा आणि दुसरा २०२५चा. त्यानं दोन अब्ज डॉलरांहून जास्त कमावले, तेही बहुतेक चीनमध्येच. त्या चित्रपटातल्या राखणदार पशूंची रूपं सानशिंगतुईच्या प्राचीन काशाच्या मुखवट्यांवरून घेतलेली आहेत. वेळ असला की असं शोधणं जमतं. पालघरला त्यासाठी फार लांब जावं लागणार नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे, २०११चे पद्मश्री, गेरूनं सारवलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठानं आणि बांबूच्या काडीनं जाळी विणत, तेव्हा शेकडो माणसं, मासे, मुंग्या एकाच चित्रात चालत असत. टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे एक देह, आणि त्या कंबरेच्या बिंदूवर तो वाकतो, नाचतो, पेरणी करतो. तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाचा वळसा तर स्थिर चित्रातही फिरताना दिसतो. लग्नाच्या चौकात पालघाट देवीभोवती झाडं, प्राणी, वऱ्हाड सगळं एकत्र असतं. समुद्र मागे सरतो आणि नवी भूमी उघडी पडते, हा प्रसंग या शैलीत पाच मिनिटं जरी दाखवला, तरी हॉलिवूडच्या तंत्राशी तुलना करण्याचा प्रश्नच उरणार नाही. अट एकच: तो वारली चित्रकारांना सोबत घेऊन, त्यांचं नाव श्रेयनामावलीत देऊन व्हावा. पिशव्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर त्यांच्या रेषा फुकट वापरून खूप झाल्या.

राहिली भाषा. बोईसरच्या मुलाला हिंदी परकी नाही. वर्गात मराठी, मैदानात हिंदी, दुकानात गुजराती आणि पाड्यावरच्या घरात वारली, असं त्याचं चालतं. अडचण आजीची होते. प्रल्हाद तिला कीर्तनातून ठाऊक आहे, मराठीत. संस्कृताळलेली हिंदी तिला अर्धीच पोचते आणि ती शेजारच्या नातवाला विचारत राहते. पौराणिक ॲनिमेशनपटाला आजी ही नेमकी हवी असलेली प्रेक्षक आहे, कारण घर बाहेर काढते तीच. मराठी रंगभूमीवर आणि आकाशवाणीवर या कथा पेलणारे आवाज भरपूर आहेत. पण ॲनिमेशनमध्ये ओठांची हालचाल एका भाषेवर बेततात आणि बाकी भाषा तिच्यात बसवतात, तेव्हा मराठी संवाद पटकथेच्या टेबलावरच लिहून व्हायला हवेत. २०२७ची तारीख खरंच पाळायची असेल, तर तो निर्णय पोस्टर झळकण्याच्या बऱ्याच आधी घ्यावा लागेल. नंतर केलेलं मराठी डबिंग हिंदीच्या मापात कोंबलेलं असेल, आणि ते आजीला पहिल्या पाच मिनिटांत कळेल.