खारपाणपट्ट्यातलं पाणी ‘उत्तम’ कसं ठरतं?

अमरावती-अकोला भागात राहून पर्यावरण, रसायन किंवा भूगोलात संशोधन करायचं ठरवलं, की पाण्याचा विषय हमखास समोर येतो. साहजिकच आहे. पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्या दारातच आहे. मग ठरलेला साचा येतो: एका तालुक्यातले काही बोअर आणि विहिरी, सामू, विद्राव्य क्षार (टीडीएस), काठिण्य, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड मोजायचे, आणि शेवटी ‘जलगुणवत्ता निर्देशांक’ काढायचा. आज या साच्यातल्या शेवटच्या पायरीबद्दल बोलू. माझ्या मते ती आपल्या भागासाठी चुकीची आहे.

निर्देशांकाची कल्पना हॉर्टनने 1965 मध्ये मांडली, 1970 मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ती पुढे नेली. आपल्याकडे जे ‘भारित सरासरी’चं सूत्र सर्रास वापरतात, त्यात प्रत्येक घटकाला वजन देतात ते त्याच्या प्रमाण मर्यादेच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे मर्यादा जितकी लहान, तितकं वजन मोठं. ऐकायला बरोबर वाटतं ना? आता आकडे टाकून बघा.

आयएस 10500:2012 नुसार स्वीकारार्ह मर्यादा अशा: फ्लोराइड 1, नायट्रेट 45, काठिण्य 200, क्लोराइड 250, टीडीएस 500 (सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर) आणि सामूची वरची मर्यादा 8.5. या सहा घटकांची वजनं काढली तर एकट्या फ्लोराइडकडे सुमारे 87 टक्के जातात, सामूकडे 10 टक्के, नायट्रेटकडे जेमतेम 2. काठिण्य, क्लोराइड आणि टीडीएस तिघांना मिळून 1 टक्काही उरत नाही!

आता एक कल्पित नमुना घेऊ. टीडीएस 2000, काठिण्य 600, क्लोराइड 1000. म्हणजे दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची जी शेवटची मर्यादा, तिच्यावर तिन्ही घटक टेकलेले. फ्लोराइड 0.2, नायट्रेट 20, सामू 7.3. निर्देशांक येतो सुमारे 23.7. आणि 25 च्या आत असलं की वर्गवारी काय म्हणते? ‘उत्तम’. घोट घेतला की तोंड वाकडं होईल, साबणाला फेस येणार नाही, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही शिजायला त्रास देईल, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढेल. पण कागदावर पाणी उत्तम.

यावर एक रास्त आक्षेप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्य, क्लोराइड, टीडीएस यांच्यासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा दिलेली नाही. या मर्यादा मुख्यतः चव आणि वापराच्या आहेत. फ्लोराइडने दात-हाडं बिघडतात, मग त्याला जास्त वजन का नको? द्या की. पण ते धोका मोजून द्या. इथे वजन ठरतं ते निव्वळ आकड्याच्या लहान-मोठेपणावरून. सामूचंच बघा: त्याला मिलिग्रॅमचं एककच नाही, तरी त्याचं वजन टीडीएसच्या जवळपास 59 पट. यामागे विज्ञान नाही, भागाकार आहे.

दुसरी गोष्ट, ‘खारं’ आणि ‘जड’ एक नव्हे. काठिण्य येतं कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, खारेपणात सोडियम आणि क्लोराइडचा वाटा मोठा. बायकार्बोनेटमुळे आलेलं काठिण्य पाणी उकळल्यावर बरंच कमी होतं, मीठ मात्र तसंच राहतं. निर्देशांकात हा फरक विरघळून जातो. आणि घरच्या माणसाला नेमकं तेच हवं असतं: उकळून भागेल, की आरओ लागेल?

तिसरी गोष्ट स्रोताची. अमरावती शहराच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला काटेपूर्णाचं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी वेगळं. ‘अकोल्याचं पाणी’ म्हणून सगळ्यांची एकच सरासरी काढली, तर ती कुणाच्याच माठातली नसते.

हे एवढं का सांगतोय? कारण गाव जेव्हा धरणाच्या पाण्याची नळयोजना मागतं, तेव्हा असा एखादा ‘उत्तम’ शिक्का फाइलीत जाऊन बसू शकतो. उलट बाजूही आहे: काही नमुन्यांवरून ‘या पाण्यानेच किडनी जाते’ असा निष्कर्ष काढणंही तितकंच कच्चं. त्याला आजारी आणि निरोगी, खारपाणपट्ट्यातली आणि बाहेरची माणसं, त्यांचं वय, उन्हातलं काम, औषधं हे सगळं ताडून बघावं लागतं.

मग करायचं काय? निर्देशांक गाइडने मागितलाच तर द्या, पण सोबत वजनांचा तक्ता छापा. प्रत्येक घटक मर्यादेच्या किती पट आहे ते वेगळं दाखवा. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा नमुने घ्या. आणि ज्या घरातून बाटली भरली, तिथे विचारा: हे पाणी तुम्ही पिता का? उत्तर ‘नाही’ आलं आणि तुमचा आकडा ‘उत्तम’ म्हणाला, तर आधी आकड्यावर संशय घ्या.